मदत हवी आहे : एअरगनला ली-एनफिल्डचं रूप कसं द्यावं?

नमस्कार मंडळी. मी सातारचा. आमच्याकडे अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, जिथले 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या पिढीच्या हातातली बंदूक पोरांना कपाटाच्या काचेआडच नाही, तर हाताळायला मिळावी असं मनापासून वाटतं. म्हणून 4.5 मिमीच्या एअरगनवर त्या काळच्या लष्करी रायफलीचा, म्हणजे .303 ली-एनफिल्ड मार्क 3 चा, लाकडी साज चढवायचा आहे. आतल्या यंत्रणेला हात लावणार नाही. ताकद 20 ज्यूलच्या आतच राहणार.

अडचण अशी की माझी एअरगन नळी मोडून (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून) भरायची आहे. एनफिल्डचं लाकूड तर पार नळीच्या तोंडापर्यंत जातं, वरूनही झाकतं. लाकूड चढवलं की नळी मोडणार कशी? मला वाटतं, नळी पक्की असलेली, खालच्या किंवा बाजूच्या दांडीने स्प्रिंग ताणायची एअरगनच घ्यावी लागेल. पण खालची दांडी पुन्हा लाकडातच अडकते, म्हणून बाजूचीच बरी. कोणी केलंय का असं?

दुसरं, स्प्रिंगचं सिलिंडर जाड असतं. एनफिल्डची मूळ लांबी साधारण 113 सेंमी. ती पाळली तर मधला भाग बेढब दिसेल का?

लाकूड मूळचं अक्रोडाचं. इथे शिसव घ्यावं की जुनं सागवान? स्प्रिंगच्या धक्क्याने स्क्रूपाशी चिरणार नाही असं हवं. मिरजेत तंतुवाद्यं घडवणारे कारागीर असं कोरीव काम घेतील का? सातारा-सांगलीकडचा कोणी जाणकार सुतार माहीत असेल तर जरूर कळवा.