पायथनमधून सी चा प्रोग्राम चालवला की लटकतो, टर्मिनलवर मात्र बरोबर चालतो – मदत हवी आहे

रामराम मंडळी,

मी सावद्याकडचा, रावेर तालुका. इथल्या एका केळीच्या व्यापारी काकांच्या ऑफिसचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. त्यांच्याकडे सी मधला एक जुना प्रोग्राम आहे, तो एक ओळ घेतो, म्हणजे शेतकऱ्याचा खातं नंबर, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, आणि दांड्याची घट वगैरे वजा जाऊन निव्वळ वजन न रक्कम एका ओळीत देतो. हिशोबाला एकदम पक्का आहे, गावातल्या लोकांचा त्या पावतीवर विश्वास बसलेला आहे म्हणून काका म्हणतात हिशोबाला हात लावायचा नाही आणि मलापण ते पटतं.

तं मी काय करून राहिलो, पायथनमधे एक स्क्रीन बनवली, काट्यावरचं वजन तिच्यात येतं, आणि मागे सबप्रोसेसच्या पॉपेनने (पायथनमधून दुसरा प्रोग्राम चालवायची सोय) तो सी चा प्रोग्राम सकाळी एकदाच चालू करतो, इनपुट न आउटपुट दोन्ही पाइप केलेले, म्हणजे एका प्रोग्रामचा मजकूर नळीतून गेल्यासारखा दुसऱ्याकडे जातो. वजन आलं की ओळ लिहायची, रीडलाइनने उत्तर वाचायचं, पावती छापायची. उबंटू आहे.

अडचण अशी की पहिली ओळ लिहिली की रीडलाइनवर सगळं थांबतं. एरर नाही, सीपीयू शून्य, नुसतं बसून राहतं. तोच प्रोग्राम टर्मिनलवर हाताने चालवला तं एंटर मारल्याबरोबर उत्तर देतो. माझ्या बाजूने लिहिल्यावर फ्लश पण करतो, म्हणजे साठलेलं लगेच पुढे ढकलतो, तरी नाही.

मंग मी दुसरा रस्ता धरला की सगळ्या ओळी एकदम लिहायच्या, इनपुट बंद करायचं आणि मग आउटपुट वाचायचं. एका दिवसाच्या वजनांना हे मस्त चाललं, पण पूर्ण हंगामाची फाइल दिली की पुन्हा लटकलं, आणि यावेळी तर वाचण्यापर्यंत गेलंच नाही, लिहितानाच मधेच थांबलं. छोटी फाइल चालते न मोठी नाही, हे काही डोक्यात शिरेना. कापणी जोरात असते तेव्हा माणूस ट्रॅक्टर घेऊन रात्री पावतीसाठी उभा असतो, त्याला थांबवून ठेवणं बरं नाही वाटत, म्हणून हे नीट समजूनच करायचंय, नुसता जुगाड नको. सोर्स कोड आहे माझ्याकडे.

प्रतिसाद, जळगावहून:

भाऊ, हे दोन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत, एकच समजू नका.

पहिला बफरिंगचा. प्रिंटएफ केलं म्हणजे अक्षरं लगेच बाहेर पडतात असं नाही, सी ची लायब्ररी ती आधी आपल्याजवळ साठवते. आउटपुट टर्मिनलला जोडलेलं असलं तं ओळ संपली की सोडते, म्हणून हाताने चालवल्यावर तुम्हाला लगेच दिसतं. पण आउटपुट पाइपला जोडलं की तीच लायब्ररी बफर भरेपर्यंत थांबते, लिनक्सवर पाइपसाठी साधारण 4096 बाइट. तुमच्या उत्तराची एक ओळ असेल पन्नास-साठ बाइटची, ती तिकडेच पडून राहते, इकडे पायथन तिची वाट बघतो, आणि सी चा प्रोग्राम तुमच्या पुढच्या ओळीची वाट बघतो. तुम्ही फ्लश करता ते फक्त तुमच्या बाजूचं, त्याच्या बाजूचं त्यालाच करावं लागतं.

सोर्स आहे ना, मग मेनच्या सुरुवातीला सेटव्हीबफ लावून स्टँडर्ड आउटपुट लाइन बफर्ड करा, म्हणजे ओळ संपली की बाहेर पडेल, नाहीतर प्रत्येक उत्तरानंतर एफफ्लश. हिशोबाच्या एका अक्षराला धक्का लागत नाही, काकांना तसं सांगा. सोर्स नसता तं स्टडबफ कमांड होती, तिच्या ओ या पर्यायाला एल (म्हणजे ओळीओळीने) देऊन तिच्यातून प्रोग्राम चालवायचा, पण स्टॅटिक लिंक केलेल्या, म्हणजे लायब्ररी आतच जोडून टाकलेल्या प्रोग्रामवर ती चालत नाही.

आणि एक बघा, तो प्रोग्राम ‘वजन टाका’ असा काही प्रॉम्प्ट देतो का? देत असेल तं तो पण उत्तराच्याच ओळीला चिकटून येईल न तुमचं वाचन बिघडेल. प्रॉम्प्ट स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांच्या संदेशांसाठी असलेल्या वेगळ्या वाटेवर टाका.

दुसरा प्रॉब्लेम डेडलॉकचा. लिनक्सवर पाइपमधे एका वेळी 64 केबीच मावतं, म्हणजे 65536 बाइट. तुम्ही नुसतं लिहीत जाता, वाचत नाही. तिकडे उत्तरांचा पाइप भरला की सी चा प्रोग्राम लिहिता लिहिता थांबतो, थांबला की तुमच्या ओळी वाचणं पण सोडतो, मग तुमचा लिहिण्याचा पाइप भरतो आणि तुम्ही थांबता. दोघंही एकमेकांसाठी थांबलेले. एका दिवसाचा माल 64 केबीच्या आत बसत होता म्हणून चालत होतं, बाकी काही नाही. एकगठ्ठा काम असेल तं पॉपेनचंच कम्युनिकेट वापरा, ते लिहिणं न वाचणं बरोबरीने करतं, शेवटी इनपुट बंद पण करतं. स्टँडर्ड एररचा वेगळा पाइप केला असेल तं तोही वाचत राहा, तो भरला तरी हेच होतं.

खात्री करायची असेल तर लटकलेल्या वेळी दोन्ही प्रोसेसवर (म्हणजे चालू प्रोग्रामवर) एसट्रेस लावून बघा, प्रोग्राम सिस्टीमकडे काय मागतोय ते ती कमांड दाखवते. रीडवर अडकलीय का राइटवर, तिथंच कळेल.

धागाकर्ता:

दादा लई उपकार. एसट्रेस लावलं तं अगदी तसंच, ओळीओळीच्या पद्धतीत दोन्ही प्रोसेस रीडवर, मोठ्या फाइलला दोन्ही राइटवर. सेटव्हीबफची ओळ टाकली, वजन दिलं की लगेच उत्तर. प्रॉम्प्ट पण होताच, तो एररवर नेला. हंगामाची फाइल कम्युनिकेटने पार झाली, जुन्या पावत्यांशी रकमा ताडून बघितल्या, जुळतात.

प्रतिसाद, शिरपूरहून:

याच धाग्यात विचारतो, चालेल ना? मी सी मधे फोर्क (प्रोसेसची नक्कल काढणं), पाइप न ड्यूप-टू (इनपुट-आउटपुट पाइपच्या टोकाला जोडणं) वापरून दोन कमांड जोडतो, पहिली संपते पण दुसरी, म्हणजे सॉर्ट, संपतच नाही. डेटा दहा ओळींचा आहे, त्यामुळे 64 केबीचा विषय नाही.

प्रतिसाद, जळगावहून:

पाइपचं लिहिण्याचं टोक कुठंतरी उघडं राहिलंय. सॉर्टला सगळं वाचून झाल्याशिवाय काही छापता येत नाही, आणि ‘संपलं’ हे त्याला तेव्हाच कळतं जेव्हा लिहिण्याच्या टोकाची शेवटची कॉपी बंद होते. फोर्क केलं की प्रत्येक प्रोसेसकडे त्याची एक कॉपी जाते. दोन्ही मुलांमधे ड्यूप-टू नंतर मूळ दोन्ही टोकं बंद करा, पालक प्रोसेसमधे पण दोन्ही बंद करा, आणि हे वेटच्या, म्हणजे मुलं संपायची वाट बघण्याच्या आधी करा. बहुतेक वेळा पालकातलंच राहतं. नाही जमलं तर पालकाचा कोड इथं टाका, बघतो.