मदत हवी आहे: द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बायकांना सारखी उन्हाळी लागते

रानवेल (तासगाव)
वहिनी विरळणीच्या (घडातले जादा मणी काढायच्या) टोळीत जातात, वय 47. सकाळी आठला बाहेर पडल्या की सहापर्यंत लघवीला आडोसा नसतो, म्हणून पाणीच पीत नाहीत. सहा महिन्यांत तिसऱ्यांदा जळजळ सुरू झालीय. दरवेळी मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या आणि सोड्याचं सायरप आणतात. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आता लघवीचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची तपासणी, करा म्हणतायत. खरंच लागतं का? नमुना कसा द्यायचा?

तपासनीस
कराच ताई, आणि पुढची गोळी घ्यायच्या आधी करा. अँटिबायोटिक पोटात गेलं की लॅबमध्ये जंतू उगवत नाहीत. रिपोर्ट चांगला येतो आणि दुखणं तिथंच राहतं.

डबी लॅबमधूनच आणा. घरची बाटली कितीही उकळली तरी नको. सकाळची पहिली लघवी उत्तम. हात साबणाने आणि लघवीची जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवायची. डेटॉल वापरू नका, त्याचा अंश डबीत गेला तर जंतू मरतात. बाहेरची त्वचा दोन बोटांनी बाजूला धरून पहिली धार सोडून द्यायची, मधली साधारण 20 मिली डबीत घ्यायची. डबीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागता कामा नये. इथंच जास्त चुकतं. मग ‘मिश्र वाढ’, म्हणजे बाहेरचे जंतूही मिसळलेत, असा शेरा येतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

दोन तासांत डबी लॅबला पोचली पाहिजे. तासगावहून एसटीने भर उन्हात मिरजेला न्यायची तर बर्फाच्या पिशवीसोबत न्या, नाहीतर वाटेतच जंतू वाढतात आणि नसलेलं इन्फेक्शन दिसतं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात.

ओपीडी_सांगली
बहुतेक वेळा जंतू असतो ई. कोलाय, आपल्याच आतड्यातला. बाईची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंमी असते, त्यामुळे तो लघवीच्या पिशवीपर्यंत सहज चढतो. लघवी तासन्‌तास तुंबवली की त्याला वाढायला वेळ मिळतो. गोळ्या अर्ध्यात सोडल्या की उरलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि ज्या गोळीला ते दाद देत नाहीत तिचा पूर्ण कोर्सही वाया जातो. कोणती गोळी लागू पडेल ते कळावं म्हणूनच कल्चर.

सोड्याच्या सायरपने जळजळ कमी होते, जंतू मरत नाही. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक दिलं असेल तर ते सायरप सोबत घेऊ नका. हे औषध आम्लधर्मी लघवीत चांगलं काम करतं, सोडा नेमकं उलट करतो. ही गोळी जेवणानंतर घ्यायची. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नका.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की कारण शोधायलाच हवं: रक्तातली साखर, क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायची रक्ततपासणी), आणि सोनोग्राफीत खडा आहे का, लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते. पाळी जायच्या वयात योनीमार्ग कोरडा पडतो, त्यानेही हे वाढतं. त्यावर लावायचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं, स्त्रीरोगतज्ज्ञांना संकोच न करता विचारा.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या यांतलं काहीही असेल तर इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. टोळीत कुणी गरोदर असेल तर नुसत्या जळजळीलाही थांबायचं नाही.

रानवेल (तासगाव)
खूप आभार. पण पाणी प्यायलं तर जायचं कुठं? टोळीतल्या सगळ्यांचं हेच रडगाणं आहे.

ओपीडी_सांगली
औषधाइतकंच हे महत्त्वाचं आहे. 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या 140 बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जादा पाणी दिलं. वर्षभरात त्यांचं दुखणं जवळजवळ निम्म्यावर आलं. म्हणजे आडोसा नसणं हेही कारणच आहे, आणि ते बागमालकाला सांगायला लाजू नये.

बांधावरून
आडोशाला चार बांबू आणि जाड ताडपत्री लागते. शेडनेट नको, आरपार दिसतं. आत खड्डा, दोन विटा, पाण्याचा ड्रम, पाणी घ्यायचा मग आणि साबण. ड्रम विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याने भरा. ठिबकच्या लाइनमधून खतं सोडतात, ते पाणी पिऊ नका, अंगालाही लावू नका. टोळीची मुकादम बोलली तर मालक ऐकतो. विरळणीच्या दिवसांत बाया मिळणं त्यालाही सोपं नसतं. चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी जाऊन यायचं ठरवा, म्हणजे एकटीला उठून जायला अवघड वाटत नाही.