क्यूबाची वुएल्ता पुन्हा सुरू व्हावी का?

चढणवेडा:
क्यूबाची वुएल्ता (देशभर टप्प्याटप्प्याने होणारी सायकल शर्यत) 1964 साली सुरू झाली आणि 2010 नंतर बंद पडली ती पडलीच. ती परत सुरू व्हायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. फेब्रुवारीत बेटाच्या पूर्व टोकाला बाराकोआतून निघायचं आणि जवळपास दोन आठवड्यांनी हवाना गाठायचं. सुरुवातीलाच ला फारोलाचा घाट. डोंगराच्या कडेला काँक्रीटच्या खांबांवर तोललेला रस्ता, वाटेत कुकुरुचो विकणारे (पानाच्या द्रोणात भरलेली खोबऱ्याची मिठाई, बाराकोआची खासियत). इथेच पाय भरून येतात आणि अख्खं बेट अजून पुढे असतं! पहिल्या वर्षी जिंकलेल्या सर्जिओ 'पिपियान' मार्तीनेसचं नाव आजही निघतं. परदेशी संघांशी घरच्या रस्त्यावर झुंजायची संधी पोरांना दुसरीकडे कुठे मिळणार?

मीरा_क:
कळकळ पटते, अग्रक्रम नाही पटत. ऑक्टोबर 2024 मध्ये त्या अख्ख्या देशाची वीज गेली होती. पेट्रोलसाठी लोक रांगेत उभे राहतात. शर्यत म्हणजे नुसते सायकलस्वार नव्हेत. संघांच्या गाड्या, पंचांच्या मोटारसायकली, अँब्युलन्स, सामानाचे ट्रक, सगळं दोन आठवडे पळवायचं. शिवाय क्यूबातल्या मान्सानिल्योची सायकलपटू आर्लेनिस सिएरा 2017 मध्ये युरोपात शर्यती खेळणाऱ्या अस्ताना संघात गेली, ती वुएल्ता बंद असतानाच ना?

चढणवेडा:
ती एकटी गेली, मुद्दा तोच आहे. आणि हलाखीचं म्हणाल तर सोव्हिएत मदत आटल्यावर शर्यत थांबली, तेव्हा चीनमधून दहा लाखांहून जास्त सायकली आणून लोक कामावर जात होते. त्यातून पुरतं सावरलेलं नसतानाही 2000 साली वुएल्ता पुन्हा धावली. आता हवानापर्यंत नको. बाराकोआ ते पूर्वेकडचंच सांतियागो शहर, चार दिवस, आणि बायकांचीही शर्यत सोबत. आर्लेनिसच्या देशात ती नसावी, याचं मला फार वाईट वाटतं.

घाटवाट:
रस्त्यांचं काय? जानेवारी 2026 मध्ये पुण्याला ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली, तेव्हा आधी शेकडो किलोमीटर रस्त्यांचं डांबरीकरण करावं लागलं. खड्ड्यात पन्नास जणांचा घोळका उतारावर सोडणं हा पोरांच्या जिवाशी खेळ आहे. तेवढा पैसा क्यूबा कुठून आणणार?

मीरा_क:
चार दिवसांची असेल तर निदान बोलता तरी येईल. पण अमेरिकी निर्बंधांमुळे प्रायोजक कचरतात. परदेशी संघच आले नाहीत, तर झुंजायचं कुणाशी?

चढणवेडा:
शेजाऱ्यांशी. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटाची शर्यत 1948 पासूनची, आजही ऑगस्टमध्ये होते. डोमिनिकन, कोलंबियन, व्हेनेझुएलन संघांना बोलवा. मोठे युरोपीय संघ नाही आले तरी चालेल. रस्त्यांचा मुद्दा मात्र खरा आहे. ला फारोलाचा उतार दुरुस्त झाल्याशिवाय मीही शर्यत सुरू करा म्हणणार नाही.