शब्दचर्चा : स्पेनमधले 'मूर', 'मोरिस्को' आणि 'हद्दपारी'

प्रश्न : "१४९२ साली मूरांना स्पेनमधून हद्दपार केले" असं वाक्य वाचलं. इथे 'हद्दपार' बरोबर की 'हकालपट्टी'?

उत्तर : क्रियापदाच्या आधी 'मूर' (स्पेनमधले मुसलमान) हा शब्द बघायला हवा. २ जानेवारी १४९२ ला ग्रानादा हे मूरांचं शेवटचं राज्य पडलं, तिथला सुलतान बोअब्दिल याने अल्हाम्ब्रा हा राजवाडा-किल्ला स्पेनच्या राणी-राजाच्या, इसाबेला-फर्डिनंडच्या, हवाली केला आणि मूरांची सत्ता संपली. पण तहात मुसलमानांना धर्म, मशिदी, मालमत्ता राखायची हमी होती. त्या वर्षी देश सोडायचा हुकूम निघाला तो ज्यूंवर, ३१ मार्चला. मुदत जुलैअखेर, सोनं, चांदी, नाणी न्यायला बंदी. त्या काळच्या बखरकाराने लिहून ठेवलंय, की लोकांनी घर देऊन गाढव घेतलं आणि द्राक्षमळा देऊन थोडं कापड.

मुसलमानांना दिलेली हमी दहा वर्षंही टिकली नाही. १४९९ पासून ग्रानादात सक्तीचे बाप्तिस्मे सुरू झाले, १५०२ मध्ये कास्तील या इसाबेलाच्या राज्यभर 'ख्रिस्ती व्हा नाहीतर चालते व्हा' असं फर्मान निघालं. असे बाप्तिस्मा घेतलेले ते 'मोरिस्को'. स्पेनचा राजा तिसऱ्या फिलिपने १६०९ ते १६१४ मध्ये सुमारे तीन लाख माणसं बाहेर काढली ती हीच. चर्चच्या दफ्तरी ख्रिस्ती असलेली, कित्येक तर पिढ्यान्‌पिढ्या. त्यांना 'मूर' म्हणणं म्हणजे 'हे मुळात परकेच' हा राजाचा दावा आपण मान्य करणं. १६०९ बद्दल लिहिताना 'मोरिस्को'च लिहा, हा माझा आग्रह आहे.

आता क्रियापद. 'हद्दपार'मध्ये गुन्हा, खटला, निकाल गृहीत असतो. 'तडीपार' तर पोलिसी शब्द, ठरावीक मुदतीचा. 'हकालपट्टी' मथळ्याला ठीक, पण ती आपण पक्षातून, पदावरून होताना वाचतो. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वलेन्सियात मोरिस्कोंना तीन दिवसांत बंदराकडे निघायला सांगितलं होतं. हातात मावेल तेवढं न्यायचं, घरदार-जमीन तिथल्या जमीनदाराची. याला मराठीत नेमका शब्द आहे : देशोधडीला लावलं. घर सुटणं, वाताहत होणं आणि ती दुसऱ्या कुणी तरी करणं, तिन्ही त्यात येतं. 'परागंदा' टाळा, त्यात माणूस स्वतःहून पळाल्याचा वास येतो.

उपप्रश्न : 'कॉन्व्हर्सो'ला, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या ज्यूंना, 'बाटगे' चालेल का?

उत्तर : अजिबात नको. 'बाटगा' ही शिवी आहे. स्पॅनिशमध्ये त्या तोडीची शिवी 'मार्रानो', म्हणजे डुक्कर. लोक अशी शिवी देत होते हे दाखवायचं असेल तरच अवतरणात वापरा. आपण बोलताना 'नवख्रिस्ती' म्हणावं. पोर्तुगीजांचा अधिकृत शब्दही तोच, आणि तो गोव्यापर्यंत आला होता. गार्सिया द ओर्ताचे आईवडील १४९२ मध्ये स्पेन सोडून पोर्तुगालात आलेले ज्यू. तिथेही १४९७ मध्ये सरसकट बाप्तिस्मे झाले. ओर्ता १५३४ ला वैद्य म्हणून गोव्यात आला, इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. जन्मभर तो कागदोपत्री ख्रिस्तीच होता. तरी १५६९ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, त्याच्या बहिणीला जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. बाप्तिस्म्याला इतकी वर्षं झाल्यावरही ज्यांच्या नावामागचा 'नव' गेला नाही, त्यांच्यासाठी मराठीत आपल्या पदरची शिवी घालायचं काही कारण नाही.