पेनेलपी फिट्झजेरल्डही वाचा

ब्रिटिश कादंबऱ्या कुठल्या वाचाव्यात असा विषय निघाला की डिकन्स, ऑस्टिन, हार्डी ही नावं येतातच, आणि ब्रिटिश कादंबरी म्हणजे पाच-सहाशे पानांची तयारी हवी, असंही काहींना वाटतं. त्यांच्यासाठी पेनेलपी फिट्झजेरल्ड या ब्रिटिश लेखिकेचं नाव आवर्जून सुचवतो. जन्म १९१६चा, पहिली कादंबरी १९७७ साली, म्हणजे साठीला टेकल्यावर! आणि बहुतेक पुस्तकं दोनशे पानांच्या आसपास.

सुरुवात 'द बुकशॉप'पासून करा. काळ १९५९चा. सफोकच्या किनाऱ्यावरच्या एका ओलसर गावात फ्लोरेन्स ग्रीन नावाची विधवा जुन्या पडीक घरात पुस्तकांचं दुकान थाटते. गावातल्या एका वजनदार बाईंना मात्र ते घर कलाकेंद्रासाठी हवं असतं. आरडाओरडा कुठेच नाही. चहापानाची आमंत्रणं, वकिलांची पत्रं, शेजाऱ्यांचं गप्प राहणं, एवढ्यातूनच गळचेपी कशी होते ते लेखिका दाखवते. शेवटचं पान वाचून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

'ऑफशोअर'ला १९७९चं बुकर मिळालं. थेम्स नदीतल्या जुन्या बोटींवर राहणाऱ्या माणसांची ही गोष्ट. लेखिका स्वतः तशा बोटीवर राहिली होती आणि ती बोट बुडाली होती, त्यामुळे त्यातली ओल, चिखल, भरती-ओहोटी अगदी अंगाला लागते. ओहोटीच्या वेळी चिखलात जुन्या रंगीत फरशा शोधणाऱ्या दोन बहिणी तर विसरता येत नाहीत.

'द ब्लू फ्लॉवर' (१९९५) नंतर घ्या. नोव्हालिस या जर्मन कवीच्या तरुणपणावरची ही कादंबरी मला तिची सर्वोत्तम वाटते. पण लेखिका जे न सांगता सोडून देते, त्या गाळलेल्या जागा वाचायची सवय आधी झालेली बरी.