टेड ह्यूजचे प्राणी खरेच प्राणी होते

कोणीतरी लिहिलंय की इंग्रज कवी टेड ह्यूजच्या कवितांतले कोल्हे-ससाणे म्हणजे नुसती हिंसेची प्रतीकं, ते काही मला पटत नाही बुवा. हा माणूस इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या मायथमरॉइड गावचा, जन्म १९३०चा, आणि दहा वर्षांनी मोठा भाऊ जेराल्ड शिकारीला जायचा तेव्हा हा त्याचा कुत्रा, म्हणजे पडलेलं सावज उचलून आणायचं काम याचं! मळणीच्या वेळी पेंढ्या उचलल्या की खालचे उंदीर पकडून खिशात कोंबायचा, कोटाच्या अस्तरात तीस-चाळीस उंदीर वळवळतायत असं त्यानेच लिहून ठेवलंय (आई काय म्हणत असेल देव जाणे). पुढे पंधराव्या वर्षाच्या आसपास त्याला वाटायला लागलं की आपण उगाच त्यांच्या आयुष्यात ढवळाढवळ करतोय, आणि साधारण तेव्हाच कविता सुरू झाली. कविता हाही एक प्राणीच असं तो म्हणायचा, ते यातूनच आलं असणार.

आणि प्रतीकंच हवी होती तर डेव्हनमध्ये शेती, गुरं, मेंढ्या कशाला सांभाळल्या असत्या? १९७९च्या 'मूरटाउन' या त्याच्या संग्रहात एक कविता आहे, कोकराचं डोकं बाहेर येऊन अडकलंय, ते मेलंय, मग मेंढीला वाचवायला हा सुरीने ते डोकं कापतो आणि आत हात घालून उरलेलं ओढून काढतो. मी जेवताना वाचली, ताट तसंच सारलं. 'क्रो' हा त्याचा कावळ्यावरचा कवितासंग्रह मात्र मला अजून झेपलेला नाही, तिथे तुमचं प्रतीकवालं म्हणणं चालेल कदाचित.