कॅम्पर व्हॅनच्या सिंकची कपलिंग गळतीय, बदलताना काय काय बघायचं?

यवतेश्वर_चढण, सातारा
नमस्कार मंडळी. मागच्या दिवाळीला जुनी ट्रॅव्हलर घेतली, आधीच्या मालकानं कॅम्पर करून घेतलेली, दोन बेड, छोटा ओटा, स्टीलचा सिंक आणि मागं हात धुवायचं बेसिन. गाडी मस्त आहे पण सिंकखाली कायम ओल असायची, मी म्हणायचो पाणी सांडत असेल. रविवारी कासला गेलो, भात लावायला डबा काढला तर तांदूळ खालून भिजलेले आणि कपाटाचं प्लायवूड फुगून पापुद्रे सुटलेले. बॅटरी मारून बघितलं तर कपलिंगच्या (सिंकच्या भोकात बसवलेला पाणी खाली जायचा जाळीचा भाग) नटाभोवती कुणीतरी ते दोन रंगांचं मळून लावायचं एपॉक्सी थापलंय आणि त्यालाच चीर गेलीय. बेसिन गळत नाही पण घाट चढला की त्यातनं असला वास मारतो की बायको म्हणते गटारात बसवून फिरायला नेता का. दोन्ही बदलायचं म्हणतोय. घरच्या सिंकचीच कपलिंग चालते का गाडीची वेगळी येते? प्लंबर म्हणतो गाडीचं काम गॅरेजला सांगा, गॅरेजवाला म्हणतो नळाचं काम आमचं नव्हं.

बापू_हरिपूर, सांगली
घरचीच चालते भावा, फक्त भोक मोजल्याशिवाय दुकानात जाऊ नको. बेसिनला बहुतेक सव्वा इंची म्हणजे ३२ एमएमची असते, सिंकचं भोक मोठं, त्यात परत दोन-तीन मापं. मी अंदाजानं आणली आणि गणपती पेठेत तीन हेलपाटे घातले, तिसऱ्यांदा दुकानदारानंच चहा पाजला. जुनी काढून ती पिशवीत घालूनच ने. आणि सिंकखाली हात घालून उंचीही बघ, घरचा बाटलीसारखा ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा पाणी साचून राहणारा भाग, गाडीत मावत नाही, आमच्यात खाली पाण्याची टाकी आडवी येते.

जुना_मिस्त्री, मिरज
बापूचं बरोबर हाय. काढायचं सांगतो. सिंकच्या जाळीच्या मधोमध स्क्रू असतो, तो वरनं खोला की खालचा भाग हातात येतो. गंजला असंल तर गंजाचा स्प्रे मारून रातभर सोडा, जोर लावून डोकं घासवू नका. बेसिनच्याला खाली चेकनट, म्हणजे कपलिंग घट्ट धरणारा नट असतो, नुसता पाना फिरवला तर सगळी कपलिंगच गोल फिरत बसते, म्हणून वरनं जाळीच्या भोकांत पकडीचे दोन दांडे घालून एकानं धरायचं आणि खालनं दुसऱ्यानं नट सोडायचा. एपॉक्सीमुळं नट हललाच नाही तर हॅक्सॉच्या पात्यानं तिरका कापा, सिंकला पातं लागू देऊ नका.
बसवताना रबर वॉशर नवा टाका, हातानं आवळा आणि वर पान्यानं जेमतेम अर्धा फेरा. प्लास्टिकचा नट जास्त आवळला की आज नाही पण महिन्याभरानं तडकतोच. एपॉक्सी दगडासारखं कडक होतं, गाडी हादरत असती, म्हणून चीर जाणारच, त्यात लावणाऱ्याची काय चूक म्हणा.

बापू_हरिपूर, सांगली
मिस्त्री काका, वरच्या कडेला सिलिकॉन लावायचं का नाही?

जुना_मिस्त्री, मिरज
वर पातळ लावा, आंबट वासाचं सोडून दुसरं घ्या, आणि २४ तास पाणी सोडू नका. खाली वॉशरला काय बी लावायचं नाही, तो रबर दाबूनच धरतो.

चाक_आणि_चूल, कराड
वासाबद्दल कुणी बोललंच नाही. ट्रॅपमधे जे पाणी साचून राहतं तेच सांडपाण्याच्या टाकीचा वास अडवतं, घाटातल्या वळणांवर ते हिंदकळून निघून जातं, मग टाकी आणि तुमचं नाक यांच्यात काहीच राहत नाही. बिनपाण्याचा व्हॉल्व मिळतो, आत सिलिकॉनची चपटी नळी असते, पाणी आलं की उघडते नाहीतर मिटलेली. तो येईपर्यंत गाडी चालू असताना भोकाला रबरी बूच लाव, स्वस्तातला उपाय. खालचा पाईप पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा असेल तर तोही काढून टाक, चहाची पावडर आणि तेल तिथंच बसतं. आतनं गुळगुळीत पाईप, मीटरला दोन सेंटीमीटर उतार, दोन्ही टोकांना क्लिप. आणि भात वेळून उकळतं पाणी थेट सिंकमधे ओतू नका, पीव्हीसी मऊ पडून जॉइंट सुटतो, आमच्या वहिनींचा अनुभव.
अजून एक, टाकीतलं सांडपाणी कासला रस्त्याकडेला सोडू नका म्हणजे झालं.

बापू_हरिपूर, सांगली
कासचं तळं साताराच पितो. वाईकडं सोडलं तर कृष्णेतनं आमच्या नळाला येतंय, त्यामुळं जरा सांभाळून 😄

यवतेश्वर_चढण, सातारा
अपडेट देतो. जाळीचा स्क्रू रातभर स्प्रेत ठेवून सुटला, नट मात्र कापावाच लागला, दीड तास पाठीवर झोपून. सिंकला स्टीलची कपलिंग बसवली. परवा सिंक काठोकाठ भरून एकदम बूच काढलं, खाली कोरडा पेपर ठेवला होता, दोन थेंब आलेच. चुलतभाऊ म्हणाला अजून आवळ, मी आवळलं नाही, काढून बघितलं तर वॉशर वाकडा बसला होता. सरळ केल्यावर परत भरला, आज पसरणी घाट चढून पाचगणीला आलोय, पेपर कोरडा आहे. बेसिनला सध्या बूच. व्हॉल्व पुढच्या आठवड्यात येईल, तो आडवा बसवला तर चालतो का तेवढं सांगा, उभी जागाच नाही.

चाक_आणि_चूल, कराड
चालतो, फक्त उतार ठेव आणि पाण्याच्या दिशेचा बाण बघून लाव.